घाटात मरणारी जुनी पिकअप: इंजिन बांधायचं, वाढवायचं की बदलायचं?

रत्नागिरीहून एका मासळी वाहतूकदाराचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "माझी २००९ ची बोलेरो पिकअप आहे, डीआय टर्बो, २५२३ सीसी. मिरकरवाड्याहून मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूरला येतो. हल्ली साखरप्याच्या पुढे चढ लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर येते, वीसच्या वर जात नाही आणि मागे काळा धूर सोडते. एक मिस्त्री म्हणतो, पंप वाढवू आणि इंटरकूलर (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारी जाळी) बसवू. दुसरा म्हणतो, स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन टाकतो, गाडी उडेल. तिसरा म्हणतो, इंजिन बांधून घ्या. कोणाचं ऐकू?"

दादा, माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. एमहॉक टाकू नका. डिझेल पंपाच्या स्क्रूला, म्हणजे इंजिनात जाणारं डिझेल वाढवणाऱ्या स्क्रूला, हात लावू देऊ नका. आणि इंजिन आजच बांधायलाही, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडायलाही, टाकू नका. तुमची गाडी ज्या ताकदीची म्हणून कंपनीतून बाहेर पडली ती ताकद आज तिच्यात नाही, आणि ती कुठे गेली हे तिघांपैकी कोणीच बघितलेलं दिसत नाही. ते कळल्याशिवाय घातलेला पैसा अंदाजाने घातलेला पैसा आहे.

हे मी नुसत्या अनुभवावर बोलत नाही, हिशेब करून बघू. गाडी, माल, बर्फ, माणसं धरून एकूण वजन तीन टन समजा. पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा घाटातला चढ धरा. या चढावर ताशी ३० किलोमीटरने जायला चाकांपाशी साधारण २७ अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्स, जॉइंट आणि मागच्या ॲक्सलच्या हौसिंगमध्ये जाणारी घट धरली तर इंजिनाने ३२ च्या आसपास दिली पाहिजे. ४० च्या वेगाला ४३. तुमचं डीआय टर्बो इंजिन नवं असताना सुमारे ६३ अश्वशक्तीचं होतं. म्हणजे चांगल्या स्थितीतलं हेच इंजिन योग्य गिअरमध्ये हा चढ तीस-पस्तीसने आरामात काढतं. आणि तुम्ही म्हणता वीसच्या वर जात नाही. तीन टनाला वीसच्या वेगासाठी २१ अश्वशक्ती पुरते. म्हणजे दोन तृतीयांश ताकद गायब आहे. इंजिन लहान पडतंय ही तक्रारच इथे बसत नाही.

आता या हिशेबातलं एक गृहीत तुम्हीच तपासायचं आहे, ते म्हणजे तीन टन. मासळीवाल्यांचं वजन नेहमी क्रेटच्या हिशेबात असतं आणि बर्फ कोणी मोजत नाही. एकदा गाडी भरल्यावर निघताना वजनकाट्यावर घ्या आणि पावती आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून बघा. काटा चार टन दाखवत असेल तर त्याच चढाला ३० च्या वेगाने ४३ अश्वशक्ती लागते आणि ४० ला ५७. म्हणजे नवं इंजिनही तिथे शेवटपर्यंत पिळलं जाईल. असं असेल तर इलाज गॅरेजमध्ये नाही, क्रेट कमी करण्यात आहे. मागे कमानीत जादा पाटे घालून गाडी बसत नाही एवढ्यावरून ती वजन पेलते असं समजू नका.

वजन बरोबर निघालं की पुढचा धागा धुराचा. तुम्ही काळा धूर लिहिलं आहे आणि हा शब्द फार कामाचा आहे. चढाला ताकद नाही आणि धूरही नाही, अशी गाडी असती तर मी डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी आणि ॲक्सिलरेटरची केबल यांच्याकडे बघायला सांगितलं असतं. पायाखालची चटई दुमडून पेडल पूर्ण खाली जात नाही, पंपावरचा लिव्हर स्टॉपरला टेकत नाही, आणि मालक इंजिन उतरवायला निघालेला, अशा गाड्या गॅरेजला नेहमी येतात. पण काळा धूर म्हणजे डिझेल पोहोचतंय, ते जाळायला हवा पुरत नाही, किंवा ते चुकीच्या वेळी, चुकीच्या फवाऱ्याने पडतंय. याच एका गोष्टीवरून पहिल्या मिस्त्रीचा सल्ला बाद होतो. आधीच न जळणारं डिझेल बाहेर पडत असताना पंप वाढवून आणखी डिझेल ओतलं, तर धूर दुप्पट होईल, एक्झॉस्टची उष्णता वाढेल, आणि सपाटीला चार दिवस गाडी तेज वाटली तरी घाटात हेड तडकेल, पिस्टनचा माथा जळेल किंवा टर्बो जाईल.

म्हणून सुरुवात हवेपासून करा. एअर फिल्टर तर बघाच, पण टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) मॅनिफोल्डकडे (सिलिंडरना हवा वाटणारा नळ) जाणारा रबरी होज मुद्दाम सोडवून बघा. गाडी जागेवर सुरू असताना तो धडधाकट दिसतो. क्लिपच्या खाली, बोटाला लागणार नाही अशा जागी, त्याला उभी चीर पडलेली असते. टर्बोने दाब धरला की ती चीर ओठासारखी उघडते, हवा तिथूनच बाहेर जाते, आणि पाय काढला की परत मिटते. ओळख एकच: त्या जागेभोवती तेलकट काळा डाग असतो, आणि चढाला बॉनेटमधून फुसफुस ऐकू येते. होज ठीक असेल तर टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. बाजूला किंचित हालला तर चालतं. पुढे-मागे खेळत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बोचं काम आहे. त्याबरोबर एक्झॉस्टही बघा, सायलेन्सर आतून कोसळून तोंड बंद झालेलं असतं.

मग नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग. चारही नोझल काढून टेस्टिंग मशीनवर लावायला सांगा आणि तुम्ही स्वतः समोर उभे राहा. चांगलं नोझल ठरलेल्या दाबाला कर्र आवाज करत धुक्यासारखं उडतं. वाईट नोझल धार सोडतं किंवा टपकतं. टपकणारं नोझल पिस्टनवर डिझेलचे थेंब पाडतं, ते तेलात उतरून तेल पातळ करतं, आणि मग बेअरिंगपर्यंत झीज पोहोचते. पंपाचा टायमिंगही याच वेळी बघून घ्या. पूर्वी कोणी पंप काढून बसवला असेल आणि खूण एक दात चुकली असेल तरी गाडी नेमकी अशीच वागते.

नोझल काढलेलीच आहेत तर त्याच भोकातून कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजा. आकडा किती आला यापेक्षा चारांत फरक किती हे जास्त बोलतं. चारही जवळपास सारखे आणि ठीक असतील तर इंजिन बांधायचं नाव काढू नका, वर सांगितलेल्या कामांतच तुमची ताकद परत येईल. एक खाली आणि तीन ठीक, तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. चारही खाली, तर लाइनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), पिस्टन, रिंगा झिजल्या. याला एक साधा ताळा आहे. इंजिन गरम असताना, आयडलवर, तेल ओतायच्या तोंडावरची टोपी काढून उलटी ठेवा. नुसती थरथरली तर हरकत नाही. उडून पडत असेल आणि तोंडातून धुराचे लोट येत असतील, तर जळालेला वायू रिंगांच्या कडेने खाली उतरतोय.

याखेरीज दोन गोष्टी इंजिनाबाहेरच्या आहेत. चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं होत असेल तर क्लच घसरतोय. आणि सपाटीला ब्रेक न दाबता पाच-सात किलोमीटर चालवून चारही चाकांच्या जवळ हात न्या. एखादं चाक तापलेलं लागलं तर ब्रेक चिकटून राहतोय आणि इंजिन दिवसभर तो ब्रेक ओढत बसलंय. टायर कंपनीच्या मापापेक्षा मोठे घातले असतील तर तेही सांगा. टायरचा घेर जेवढा वाढतो तेवढ्याच प्रमाणात चाकाची ओढ कमी होते, आणि घाटात ते लगेच कळतं.

आता तुमच्या धंद्यातली एक खास गोष्ट. इंजिनावर रुपया घालायच्या आधी चासी बघा. मासळीच्या गाडीत रात्रभर बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्यातून खाली गळतं आणि चासीच्या पोकळीत साठतं. गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्या, चासीचे दोन्ही लांब दांडे, क्रॉसमेंबर, कमानीचे ब्रॅकेट आणि हौद्याचे बोल्ट हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज येईल तिथे लोखंड आहे. भद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तिथे गंज आतपर्यंत गेलाय. ब्रेकच्या लोखंडी नळ्याही याच पाण्याने पोखरतात. कमानीच्या ब्रॅकेटपाशी चासी गेलेली असेल तर मी सांगेन की इंजिनाचा विषय बंद करा. सोळा-सतरा वर्षांच्या गाडीच्या सडलेल्या चासीवर बांधलेलं इंजिन म्हणजे बुडत्या होडीवर नवं शीड. अशी गाडी अधिकृत स्क्रॅप केंद्राला द्या. तिथून मिळणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटवर नवी गाडी घेताना करात सवलत मिळते.

चासी ठीक आणि कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना खाली, असं निघालं तर इंजिन बांधणं हाच रस्ता, आणि मला तो मनापासून आवडतो. हे इंजिन साधं आहे, ८८.९ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि १०१.६ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), यांत्रिक पंप. सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनचं काम जाणणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या बसली आहेत. पण 'बांधलं' या शब्दाखाली काय काय झालं हे लिहून घ्या. रिंगा आणि बेअरिंग टाकून गॅसकेट मारलं की त्याला 'हाफ इंजिन' म्हणतात. लाइनर अंडाकृती झालेला असताना नुसत्या रिंगा टाकल्या तर पहिला पावसाळा निघेल, दुसरा नाही.

क्रँकचा, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचा, प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये बसणारा गोल भाग) मायक्रोमीटरने मोजला पाहिजे, आणि आतापर्यंत तो किती साइज घासला गेला हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. घासण्याच्या ठरलेल्या पायऱ्या असतात. शेवटच्या साइजला आलेला क्रँक पुन्हा घासता येत नाही. हेडला नुसतं फेसिंग नको, आधी दाबाखाली पाण्यात बुडवून तडा बघायला हवा. घाटात तापलेल्या इंजिनाच्या हेडला व्हॉल्व्हच्या सीटमध्ये बारीक तडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ऑइल पंप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट नवे. रेडिएटर उघडून नळ्या साफ. हे सगळं करून जुना चोंदलेला रेडिएटर तसाच ठेवला तर बांधलेलं इंजिन एप्रिल-मेच्या उन्हात आंब्याच्या हंगामातच बसतं. कोटेशन घेताना मशीन शॉपचं काम, सुटे भाग आणि मजुरी असे तीन वेगळे आकडे मागा आणि काढलेले जुने भाग परत मागा. जो मिस्त्री हे आनंदाने देतो त्याच्याकडे काम द्या. खर्चाची मर्यादा माझ्या मते अशी: गाडी आज चालू स्थितीत जेवढ्याला विकली जाईल त्याच्या निम्म्याच्या आत इंजिनाचं सगळं बसलं पाहिजे.

आता एमहॉक. मोह मला समजतो. २१७९ सीसी, १२० अश्वशक्ती, २९० न्यूटन मीटर टॉर्क. तुमच्या इंजिनाचा टॉर्क १८० च्या आसपास. म्हणजे दीडपटीहून जास्त. पण तो टॉर्क इंजिनापाशी थांबत नाही. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स त्याला गुणतो, हौसिंगमधले क्राउन-पिनियन पुन्हा गुणतात. क्लच प्लेट, गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, जॉइंट, पिनियन, ॲक्सल, सगळे १८० च्या हिशेबाने केलेले आहेत. भरलेली गाडी चढाला उभी करून पुन्हा उचलताना जो झटका बसतो त्यात यातला सगळ्यात कच्चा भाग तुटतो. तो बदलला की त्याच्या पुढचा. शेवटी तुम्ही स्कॉर्पिओचा गिअरबॉक्सही आणता, मग माउंटिंग कापता, प्रॉपेलर शाफ्ट लहान-मोठा करता. कोटेशनमध्ये फक्त इंजिन आणि 'फिटिंग' लिहिलेलं असतं.

वायरिंगचा प्रश्न त्याहून त्रासाचा. एमहॉक कॉमन रेलचं इंजिन आहे. चारही नोझलना डिझेल पुरवणाऱ्या एका नळीत, म्हणजे रेलमध्ये, हजार बारच्या वर दाब, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप), इलेक्ट्रॉनिक पेडल, डझनभर सेन्सर. मूळ गाडीत हे सगळं जोडणीसकट जागेवर बसवलेलं असतं. तुमच्या गाडीत ते टेप गुंडाळून बसेल, आणि वरून खारं पाणी गळत राहील. एका कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढला की ईसीयू गाडीला अर्ध्या ताकदीवर आणतो. पहाटे तीनला, घाटात, माल बर्फात, मोबाइलला रेंज नाही. तुमचं आजचं इंजिन त्याच जागी एक पाना आणि एक रबरी नळी एवढ्यावर चालू करता येतं. नाशवंत मालाच्या धंद्यात याची किंमत साठ अश्वशक्तीपेक्षा मोठी आहे. आणि ताकद वाढली तरी ब्रेक तेच राहतात. कोल्हापूरहून परतीचा माल भरून घाट उतरताना त्याच ड्रमवर भरवसा ठेवायचा आहे.

कागदाचंही सांगतो, कारण हे गॅरेजमध्ये कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं. तिथे इंजिन नंबर बघितला जातो आणि नोंदीशी जुळला नाही तर गाडी थांबते. त्याहून मोठी भीती विम्याची. अपघातात कोणी दगावलं आणि सर्व्हेअरने इंजिन वेगळं आहे हे लिहिलं, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईचा बोजा तुमच्या घरावर येतो. 'सीसी तेच आहे, कळणार नाही' म्हणून २५२३ सीसीचंच कॉमन रेल इंजिन टाकून देणारेही भेटतील. घनक्षमता तीच असली तरी इंजिन वेगळं आहे आणि नंबर तर वेगळाच आहे.

मग इंजिन बदलायचंच कधी? कनेक्टिंग रॉडने ब्लॉक फोडला, ब्लॉकला तडा गेला, किंवा क्रँक शेवटच्या साइजच्या पुढे गेला आणि नवा क्रँक घालून हिशेब बसत नाही, तेव्हा. तेव्हाही त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा आणखी कुठे जुनं इंजिन बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा नंबर वाचा. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंग मारलेला नंबर दिसला की तिथून निघा, कारण ते चोरीच्या गाडीचं असेल तर पोलीस तुमच्या दारात येतील. ज्या गाडीतून काढलं तिच्या कागदांची प्रत, इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. समोर थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन काहीही लपवू शकतं. जमलं तर संप (इंजिनाखालची तेलाची परात) उतरवून एक बेअरिंग उघडून बघा. बसवण्याआधी आरटीओची मंजुरी घ्या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याचं पत्र घ्या. बदलाची नोंद आरसीत करून घ्या, कायद्याने त्याला १४ दिवसांची मुदत आहे. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा.

हाच नियम मी टाटा २०७ डीआय वाल्यांनाही सांगतो. तिचं २९५६ सीसीचं ४९७ इंजिन म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. तो आकडा नावातच आहे. ४०७ मध्येही याच कुळातलं इंजिन असल्याने भाग मुबलक, बांधणारे मुबलक. ते सोडून त्यात दुसरं काही बसवायला मी कधी सांगणार नाही.

इंटरकूलरबद्दल एक वाक्य राहिलं होतं. हवा थंड झाली की दाट होते, त्यामुळे फायदा खरा आहे, पण तो वेगात जाणाऱ्या गाडीला. वीस-तीसच्या वेगाने घाट चढताना समोरून वारा लागत नाही आणि रेडिएटरपुढे उभा केलेला इंटरकूलर रेडिएटरचीच हवा अडवतो. तुमच्या रस्त्याला तो इंजिन तापवेल.

तेव्हा क्रम असा ठेवा: काट्याची पावती, चासीवर हातोडी, होज आणि टर्बो, नोझल आणि टायमिंग, शेवटी कॉम्प्रेशन. काटा भरलेल्या फेरीलाच करून घ्या. बाकीचं एका दिवसाचं काम आहे, मासळी बंदीच्या काळात, म्हणजे जून-जुलैत गाडी उभीच असते तेव्हा करा. बांधायची वेळ आलीच तर त्याच काळात बांधा, म्हणजे पहिले हजार किलोमीटर अर्ध्या मालावर, सपाटीला, इंजिन न पिळता काढता येतील. पहिलं तेल आणि फिल्टर पाचशेलाच बदला आणि काढलेलं तेल स्वच्छ कापडातून गाळून बघा. पहिल्या तेलात थोडी बारीक चमक येणारच. बोटांत खुपतील असे कण दिसले तर गाडी पुढे चालवू नका, तशीच मिस्त्रीकडे न्या.